खंडेनवमीला तापलेलं कपाट

आमच्या कुंभारवाड्यात मोबाईलची रेंज म्हणजे वाघ. आहे असं सगळे सांगतात, कुठं कुठं ठसे दाखवतात, पण समोरासमोर गाठ पडलेला माणूस विरळा. मी त्या विरळ्यांतला. माझी आणि रेंजची गाठ पडते ती घरामागच्या टेकाडावर, एका काळ्या फत्तरावर. त्यावर उगवतीकडे तोंड करून बसायचं, डावा गुडघा वर घ्यायचा, फोन पोटाशी धरायचा आणि श्वास रोखायचा. येते. सुप्याच्या धरणात पाणी चढलं की तिथं दोन काड्या जास्त येतात, हेही मी स्वतः पाहिलंय. लोक याला थाप म्हणतात. त्यांनी फत्तरावर बसून पोट भरून दाखवावं, मग बोलावं.

मी त्या फत्तरावर बसूनच पोट भरतो. काम काय, तर मोठमोठ्या दवाखान्यांत आणि कारखान्यांत माहिती साठवायची कपाटं असतात. माणसाएवढी उंच, आत खणाखणांनी डिस्क बसवलेल्या. या कपाटांना काही दुखलं-खुपलं की ती निरोप धाडतात. त्याला आम्ही अलर्ट म्हणतो. साधा अलर्ट असला तर 'कळलं रे बाबा' अशी पोच द्यायची. गंभीर असला तर दुरून कपाटात शिरून दुखणं शोधायचं. शिरायच्या वाटा दोन. एक रंगीत चित्रांची. ती आमच्या रेंजवर उघडायला घेतली तर भात पेरून, कापून, मळून होतं, तरी अर्धंच चित्र दिसतं. दुसरी कमांड लाईनची. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचा, कपाट एका ओळीत उत्तर देतं. लाड नाहीत, हसणं नाही. माझ्या सासऱ्यांशी बोलल्यासारखं वाटतं. पण जंगलात तीच वाट चालते. पायवाट असते ना, तशी.

खंडेनवमीचा दिवस होता. भातं पोटरीला आली होती. गव्यांनी रात्री कुणाच्या मळ्यात धुडगूस घातला याची चर्चा ओट्यावर चालली होती. माझा फोन नेहमीप्रमाणे ओट्याच्या वाशाला पिशवीत टांगलेला. बोलणं किंवा बाकी काही तिथं होत नाही, पण कोंबडीनं अंडं घालावं तसा अधूनमधून एखादा एसएमएस पडतो. सकाळी एक पडला. घाटावरच्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या कपाटाचा. गाव आणि नाव सांगत नाही, मला अजून तिथलं काम करायचंय. 'समोरून आत येणारी हवा गरम. सावध.' मी म्हटलं, एसी कुणी तरी बंद केला असेल, सणाचं वीजबिल वाचवत असतील. पोच दिली आणि आंघोळीला गेलो.

अंग पुसत बाहेर येतो तोवर दुसरा. 'हवा गरम. गंभीर.'

गंभीर म्हटल्यावर मी टॉवेलावरच देवघराकडे धावलो. कारण माझा लॅपटॉप तिथं होता.

आमच्या घरी खंडेनवमीला आई जे दिसेल ते पुजते. कोयते, कुदळी, नांगराचा फाळ, कोयता अडकवायची कमरेची आकडी, मिक्सर, शिलाई मशीन. एका वर्षी वडील जेवून निवांत बसले होते तर त्यांच्याही कपाळाला कुंकू लावून गेली, म्हणाली कामाची वस्तू हाय. या सगळ्या गोतावळ्यात, पाटावर, कुदळीच्या दांड्याला टेकून माझा लॅपटॉप बसलेला. झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं, वर झेंडू, समोर तवशाची फोड आणि गूळ. आई राखणीला बसल्यासारखी पुढ्यात.

"आई, लॅपटॉप लागतोय."

"उद्या."

"आत्ता लागतोय गं. तिकडं कपाट तापलंय."

"तापू दे. पुजलेलं हत्यार सोनं लुटून आल्याबिगर उचलायचं न्हाई. तुझ्या काकानं उचललं हुतं. काय झालं?"

काकाचं काय झालं हे सगळ्या पंचायतीला तोंडपाठ आहे. नवमीला त्यानं पूजेतला कोयता उचलला आणि कोयत्यानं त्याच्या पायाच्या अंगठ्याचा घास घेतला. मी लहान होतो तेव्हा अंगठ्याला नुसतं खरचटलं होतं. मी शाळेत गेलो तेव्हा नख गेलं होतं. हल्ली आईच्या सांगण्यात अंगठा मुळापासून गेलाय, आणि काका दोन्ही अंगठे हलवत तिच्यासमोर बसून मान डोलावत ते ऐकतो.

"माझ्या कामात अंगठा कापत न्हाई," मी म्हटलं.

"मग नोकरी कापंल," आई म्हणाली.

तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस या तालुक्यात जन्मला नाही. मी अंगात शर्ट घातला, वाशाचा फोन काढला आणि टेकाड चढलो. फोनवरही काळा पडदा उघडतो, फक्त अक्षरं मुंगीएवढी आणि माझी बोटं केळ्यांएवढी. त्यात फोन शहाणा. मी कमांड लिहितो, तो मला विचारतो, तुम्हाला अमुक म्हणायचंय का. नाही म्हणायचं रे, तू गप बस.

फत्तरावर गुडघा वर घेतला, रेंज आली, कपाटात शिरलो. अलर्ट दाखव म्हटलं. ओळीमागून ओळ खाली धावायला लागली. पंखे पूर्ण वेगानं फिरतायत. पहिल्या खणाच्या डिस्क गरम. दुसऱ्या खणाच्या गरम. समोरून आत येणारी हवा, जी एरवी पंचविसाच्या आत असते, ती अडतीस. पंचेचाळीसला पोचली की कपाट कुणाला न विचारता स्वतःहून बंद होतं, डिस्क जळून जाऊ नयेत म्हणून. हा त्याचा जन्मजात स्वभाव.

मी खोलीचं तापमान बघितलं. खोलीत वेगळं यंत्र बसवलेलं, त्याचीही ओळ येते. खोली गार. अठरा अंश.

मी परत विचारलं. अठरा.

खोली मरणाची गार आणि त्या खोलीतल्या कपाटाच्या तोंडात जाणारी हवा तापलेली. म्हणजे एखादा माणूस सुप्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभा आहे आणि तहानेनं मरतोय. दोन यंत्रांतलं एक खोटं बोलत असणार. मी काही मोठा नाही, पण यंत्राचं खोटं मला वासानं कळतं असा माझा लौकिक आहे, आणि तो मी स्वतः पसरवलाय. त्या दिवशी वास आला नाही. दोन्ही खरं बोलत होती.

तेवढ्यात फोन वाजला. आणि फोन वाजला की काळा पडदा गोठतो. फत्तरावरची रेंज एका वेळी एकच काम करते: बोललो तर दिसत नाही, बघितलं तर बोलता येत नाही. शेतात एकट्यानं राखण करणाऱ्याला या बांधावर उभं राहिलं की त्या बांधावरचं डुक्कर दिसत नाही, तसलं.

फोन दवाखान्यातून होता. स्कॅन विभागातल्या एक बाई, वयानं मोठ्या, मी त्यांना अक्का म्हणतो. एरवी हसत बोलणाऱ्या. आज आवाज दबका.

"अण्णा, चित्रं हळू यायला लागलीत. काय करताय तुम्ही तिकडून?"

"मी काही करत न्हाई अक्का. कपाट तापलंय. बघतोय."

"बघू नका, करा काय तरी. टेबलावर बाई आहे. गाडीवरून पडली सकाळी, डोक्यात रक्त साकळलंय. डॉक्टर स्कॅनचा एकेक थर मागवतायत आणि पडद्यावर बघून काम करतायत. प्रत्येक थर तुमच्या कपाटातून येतोय."

"किती वेळ लागंल त्यांना?"

"आत जाऊन विचारू? हातातली कवटी खाली ठेवून सांगतील."

"अक्का, तुम्ही जरा कपाटाच्या खोलीत..."

"मी इथनं हलले तर चित्रं कोण पाठवणार? कॉम्प्युटरवाले सगळे गावाला गेलेत. मोठे साहेब स्वतःच आत टेबलापाशी उभे आहेत. खोलीची किल्ली राखणदार मामांकडं." मग म्हणाल्या, "अण्णा, मध्येच अंधार झाला तर ते चाचपडतील. एवढंच सांगते."

फोन ठेवला. मी गुडघा खाली टेकवला होता हे तेव्हा कळलं. परत वर घेतला. पडदा जागा व्हायला जो वेळ लागला, तेवढ्यात खालच्या खाचरातली सगळी लोंबी पिकली असती. आकडा आला: चाळीस.

आता दुरून करता येण्यासारखं एकच होतं. कपाटाला ओझं कमी करायचं. दवाखान्याला दिसत नाहीत अशी पुष्कळ कामं कपाट मागं करत असतं. सगळ्या डिस्क तपासून बघणं, दुसऱ्या शहरातल्या कपाटाला नक्कल पाठवणं, जुनं सामान दाबून लहान करणं. मी एकेक काम थांबवत गेलो. ओळ लिहायची, बोटानं चुकायची, पुसायची, पुन्हा लिहायची. तपासणी बंद. नक्कल बंद. दाबादाबी बंद. कपाट प्रत्येक वेळी विचारतं, नक्की का? नक्की. नक्की रे. पाठीवरचा घाम शर्टाला चिकटला होता आणि वर ऊन टेकाडाला भाजून काढत होतं. मला वाटलं, माझ्याही समोरची हवा कोणी तरी मोजावी.

एक्केचाळीस. थांबलं. मी श्वास सोडला. सोडला म्हणून की काय, बेचाळीस.

एक कमांड उरली होती. ती लिहिली की कपाटाचा जन्मजात स्वभाव मोडतो. तापलं तरी बंद होत नाही, चालतच राहतं, शेवटची डिस्क भाजेपर्यंत. ती मी लिहिली. बोट एंटरवर आणलं. दाबलं असतं तर टेबलावरच्या बाईची चित्रं आणखी थोडा वेळ चालली असती. कदाचित. किंवा त्याच थराची डिस्क आधी जळाली असती, आणि कायमची गेली असती. कपाट बंद झालं तर गार करून पुन्हा उठवता येतं. जळालेलं उठत नाही. मी ती ओळ एकेक अक्षर पुसली. माझ्या आयुष्यात मी एवढी हळू कुठली गोष्ट पुसली नाही.

मग राखणदार मामांना फोन लावला. म्हणजे पुन्हा पडदा आंधळा.

मामा पलटणीतून निवृत्त झालेले. मिशा मी पाहिल्या नाहीत, पण आवाजात ऐकू येतात.

"मामा, कपाटाच्या खोलीतला एसी चालू हाय काय?"

"हौद्री सर, व्हय! असा चालू हाय की आत पाऊल टाकलं तर दात वाजतात."

"मग कपाटाला काय झालंय?"

"काय होतंय त्याला? आज त्याच्याएवढं सुखी ह्या दवाखान्यात कोण न्हाई."

"म्हणजे?"

"पूजा केली की सर! आयुधपूजा! दर वर्षी कॉम्प्युटरवाली पोरं एक फूल चिकटवून पळतात. औंदा मीच म्हटलं, मी करतो. बाजारातनं झेंडू आणला पोतंभर. दारात कोहळा फोडला. सरीला सर लावून हार, वरपासनं खालपतूर, एकाला लागून एक. बोट शिरायचं न्हाई मध्ये."

"हार कुठं घातलेत मामा?"

"कुठं म्हणजे? तोंडावर. पाठीला कोण हार घालतं काय सर?"

"आणि?"

"आणि काय, आत हिरवे दिवे लुकलुक करतात. बघणाऱ्याची दृष्ट लागंल म्हणून वरनं मंडळींची इरकल पांघरलीय. नवी. आता बघा, नवरीगत दिसतंय."

घ्या. कपाट हवा पुढून ओढतं आणि मागून सोडतं. त्याच्या नाकातोंडावर पोतंभर झेंडू आणि वर एक नवीकोरी इरकल. मागची गरम हवा बाहेर पडून साडीच्या आतून पुन्हा पुढं येत होती आणि तेच ते उकळून पीत होतं बिचारं. अठरा अंशांच्या खोलीत.

"मामा, काढा ते. सगळं. आत्ता."

"आगूदिल्ल सर."

"होत न्हाई म्हणजे?"

"पूजेला बसलंय ते. उद्या सकाळी उत्तरपूजा, मग हार काढतो, प्रसाद वाटतो, तुमचा बी ठेवतो."

कानात टुंग वाजलं. एसएमएस. बघता येत नव्हता, पण काय असेल ते कळत होतं.

"मामा, तिकडं ऑपरेशन चाललंय. कपाट बंद पडलं तर..."

"बंद कसं पडंल? पूजा केलीय म्हटल्यावर? पूजा न्हाई केली त्या साली बंद पडलं हुतं. आठवतंय न्हवं?"

आठवत होतं. त्या साली उंदरानं वायर कुरतडली होती. उंदराची बाजू मांडायला वेळ नव्हता.

"तुम्ही पलटणीत होतात न्हवं? नवमीला बंदूक पुजली आणि समोर दुश्मन आला तर काय करता?"

"दुश्मनाची बी नवमी असती की सर."

टुंग. आणखी एक.

"मामा, पाया पडतो."

"पाया काय पडताय. लई कष्टानं केलीय पूजा. पूजेत बसलेल्याला हात लावला आणि त्या बाईला काय झालं तर? कुणावर जाईल ते? ह्याच हातांवर."

तेव्हा मला कळलं की हा माणूस हट्टानं नाही म्हणत. भ्यायलाय. आणि भ्यायलेल्याला तापमानाचे आकडे सांगून काय उपयोग. मीही त्याच बाईसाठी भ्यायलो होतो, तोही. दोघं दोन टोकांनी तिलाच धरून होतो.

मागून धापा ऐकू आल्या. आई. डोक्यावर पदर, हातात केळीच्या पानात बांधलेला नैवेद्य, पायाला चिखल.

"न जेवता पळालास. सणाचं पान वाढून ठेवलंय अन् हा दगडावर बसून पाया पडतोय. कुणाच्या पाया पडतोयस रं?"

मी फोनवर हात ठेवून दोन वाक्यांत सांगितलं. बाई टेबलावर, डोकं उघडं, चित्रं या कपाटात, कपाटाचा श्वास हारांनी कोंडलाय, आणि मामा पुजलेल्याला हात लावत नाहीत. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हे कुणाला सांगतोय. मामांच्या बाजूचा याहून मोठा साक्षीदार साऱ्या जोयडा तालुक्यात मिळाला नसता.

आईनं नैवेद्याचं पान फत्तरावर ठेवलं.

"बाई कुठली?"

"म्हाईत न्हाई."

"लेकरं हाईत?"

"म्हाईत न्हाई गं आई!"

"दे इकडं."

मी स्पीकर लावला. आईनं फोन ताटासारखा दोन्ही हातांत धरला आणि पलीकडच्या डोंगराला हाक मारावी तशी ओरडली.

"काय रं तम्मा! जेवलास काय?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. पलीकडं मिशा खाली आल्याचं ऐकू आलं. "न्हाई अव्वा. कोण बोलतंय?"

"ह्या सरची आई. पूजा चांगली केलीस म्हणं."

"केली अव्वा. मनापासनं."

"बरं केलंस. आता ऐक. हा माझा ल्योक खंडेनवमीला जन्मला. सकाळी सगळी हत्यारं पुजली, अन् दुपारी मला कळा. सुईण म्हणाली, नाळ कापायला कोयता आणा. घरातले सगळे कोयते पाटावर, हळद लावलेले. तू सांग, माझी सासू उद्याची वाट बघत बसली काय?"

"...न्हाई?"

"उठली. चार अक्षता टाकल्या. म्हणाली, आई, काम आलंय, ह्याला नेते, पुन्हा आणून बसवते. कोयता उचलला, तापवला, अन् कापली नाळ. अंगठा कापला न्हाई, बोट कापलं न्हाई. बघ, कसा दांडगा झालाय. एक टेकाड चढताना धापा टाकतो, पर जिता हाय."

पलीकडून हळू आवाजात, "खरं काय अव्वा?"

"सणाच्या दिवशी खोटं बोलू मी? त्याच्या बेंबीवर अजून कोयत्याची खूण हाय. दाखव रं त्याला."

"आई, फोन आहे तो."

"मग सांग त्याला."

"हाय मामा," मी म्हटलं. "खूण हाय."

माझा जन्म माघातला. खानापूरच्या सरकारी दवाखान्यातला. नाळ नर्सनं कात्रीनं कापली, आणि ती कात्री कुणी पुजलेली नव्हती. मी आईकडे बघितलं. तिनं पापणीही हलवली नाही. लोक मला विचारतात, एवढ्या थापा शिकलास कुठं. मी म्हणतो, वारसा आहे.

"तम्मा," आई म्हणाली, आणि आता ती ओरडत नव्हती, "बाईचं काम अडलंय. हत्यार कामासाठीच पुजतात रं. दोष लागला तर माझ्यावर. मी इथनं गाऱ्हाणं घालते, तू तिथं अक्षता टाक. माझं घालून झालं की साडी काढ, मग हार. वरनं खाली. तोडू नगंस, उतरव."

"थांबा अव्वा. चप्पल काढतो." पावलांचा आवाज. किल्ल्यांचा जुडगा. दार. मग एसीची घरघर, आणि तिच्यावर मात करून पंख्यांचा आक्रोश. तो मी तोवर कधी कानांनी ऐकला नव्हता, नुसत्या ओळीत वाचला होता. 'पंखे पूर्ण वेगानं.' विमान उडायच्या आधी ओरडतं तसं ओरडत होतं कपाट.

"अव्वा! हे तर फणफणलंय! साडी गरम लागतीया!"

"हात जोड. बा देवी महाराजा," आईनं डोळे मिटले, "तुझ्या पायाशी बसवलेलं हत्यार आम्ही लेकीच्या कामाला उचलतोय. लेक कुणाची, गाव कुठलं, ठाव न्हाई, तुला ठाव हाय. तिच्या वाटेतला काटा तेवढा..."

टुं टुं टुं. रेंज गेली.

आई डोळे मिटून गाऱ्हाणं पूर्ण करत राहिली. फोन मेला हे तिला मी सांगितलं नाही. मी तिच्या हातातून फोन काढून घेतला, गुडघा वर केला, उगवतीला वळलो, पोटाशी धरला. काही नाही. फत्तराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. काही नाही. शेवटी आई फत्तरावर चढली आणि म्हणाली, "माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा ऱ्हा." तिच्या खांद्याला धरून, एका पायावर, हात आभाळात करून उभा राहिलो तेव्हा एक काडी आली. आई म्हणजे रेंजचा टॉवरच आहे म्हणा ना.

पडदा उघडला. तापमान दाखव. कपाटानं उत्तर द्यायला वेळ लावला. वाटलं, गेलं. बंद झालेलं कपाट उत्तर देत नाही.

चव्वेचाळीस.

एक अंश उरला होता.

"काय म्हणतंय?" आई.

"चव्वेचाळीस."

"ते चांगलं की वाईट?"

"वाईट."

पुन्हा विचारलं. चव्वेचाळीस. मामांनी हार काढले की नाहीत, का गाऱ्हाणं अर्धं राहिलं म्हणून हात जोडून तिथंच उभे आहेत, मला कळायला मार्ग नव्हता. फोन लावला तर पडदा जाणार. मी लावला नाही. पुन्हा विचारलं. चव्वेचाळीस. माझा एका पायावरचा तोल जायला लागला आणि आईनं माझ्या कमरेला हात घातला.

पुन्हा विचारलं. त्रेचाळीस.

मी विश्वास ठेवला नाही. पुन्हा. एक्केचाळीस. पुन्हा. सदतीस. आता ते असं उतरत होतं की आमच्या घाटातली बसही ब्रेक फेल होऊन इतक्या वेगानं उतरली नसती. एकतीस. मी आईला आकडे ओरडून सांगत होतो, आणि तिला काय कमी झालं म्हणजे बरं हे पुरतं कळलं नसावं, पण ती प्रत्येक आकड्याला "व्हय, व्हय" म्हणत होती. अलर्टच्या ओळी एकेक करून 'निवळलं' म्हणायला लागल्या. डिस्क सगळ्या जाग्या. एकही गेली नव्हती.

अक्कांचा एसएमएस आला: चित्रं येतायत. बस एवढंच. बाईचं काही नव्हतं.

"चल, जेवायला," मी म्हटलं.

"बाई?"

"अजून चाललंय ऑपरेशन."

आई फत्तरावर बसली. पदर गुडघ्यावर ओढला, केळीचं पान सोडलं, पुरणाची एक कडबू माझ्या हातात दिली आणि एक स्वतःच्या पुढ्यात ठेवली. खाल्ली नाही. ऊन कलायला लागलं तरी तशीच. खालून वडिलांनी दोनदा हाक मारली, काकानं एकदा. मी थांबवलेली कामं पुन्हा एकेक करून सुरू केली, मग करायला काही उरलं नाही, मग मीही बसून राहिलो.

उन्हं टेकाडावरून उतरून खाचरात गेली तेव्हा फोन वाजला. अक्का. आवाज नेहमीचा, हसरा, पण थकून गेलेला.

"अण्णा, झालं ऑपरेशन मघाशीच. म्हटलं जाग आल्यावरच कळवावं. डोळे उघडले तिनं."

"बोलली काय?"

"बोलली म्हणजे? भांडली. सणाच्या नव्या बांगड्या कुणी उतरवल्या म्हणून नर्सला विचारत होती. मोजून द्या म्हणते."

मी आईला सांगितलं. आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग पदरानं तोंड पुसून तिनं फोन ओढून घेतला.

"अगं बाई, तिला म्हणावं खरं हाय तुझं! सणाच्या दिशी बांगड्या उतरवतात काय? नर्सला म्हणावं, दे तिच्या तिला मोजून. अन् भांडू दे, अडवू नगा. भांडू दे चांगली."